उपटणे आणि लावणे: इस्राएलाचा न्याय व पुनर्स्थापना यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या वर्गात यिर्मया, यहेज्केल, होशेय, आमोस ही संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तके उघडली की काही प्रश्न हमखास येतात. काही विश्वासातून येतात, काही बातम्या पाहून, तर काही निव्वळ गोंधळातून. यिर्मयाला पहिल्याच अध्यायात जे काम सोपवले गेले त्यात उपटणे आणि पाडणे आहे, तसेच बांधणे आणि लावणेही आहे. या दोन कामांची फारकत केली की संदेष्टे कळत नाहीत, असे मला मनापासून वाटते. पुढची उत्तरे त्याच समजुतीने लिहिली आहेत. भर यिर्मयावर आहे, कारण त्याने दोन्ही कामे एकाच आयुष्यात केली.

संदेष्टे ‘इस्राएल’ म्हणतात तेव्हा नेमके कोणाविषयी बोलतात?

दर वेळी एकाच अर्थाने नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. याकोबाला मिळालेले दुसरे नाव इस्राएल, म्हणून त्याच्या बाराही वंशांना इस्राएल म्हणतात. शलमोनानंतर, इ.स.पू. ९३०च्या सुमारास, राज्य दुभंगले. उत्तरेकडच्या दहा वंशांच्या राज्याला इस्राएल हे नाव राहिले आणि पुढे शोमरोन त्याची राजधानी झाली. दक्षिणेकडचे राज्य यहूदा, राजधानी यरुशलेम. होशेय आणि आमोस प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्याला उद्देशून बोलतात. होशेय त्याला लाडाने आणि रागाने ‘एफ्राईम’ म्हणतो, त्यातल्या एका प्रमुख वंशाच्या नावाने. यिर्मया बोलतो तेव्हा ते राज्य बुडून शंभराच्या वर वर्षे लोटली आहेत. तरीही तो ‘इस्राएलाचे घराणे आणि यहूदाचे घराणे’ अशी दोन्ही नावे घेतो. नकाशावरून पुसलेले राज्य त्याच्या लेखी देवाच्या आठवणीतून पुसलेले नाही.

१९४८ साली स्थापन झालेले इस्राएल हे राष्ट्र हा तिसरा अर्थ. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे. प्रत्येक वचनात तो अर्थ आपोआप घालू नये.

न्याय कशाबद्दल झाला? मूर्तिपूजेबद्दलच ना?

मूर्तिपूजा आहेच, पण तेवढेच सांगून थांबणे ही आपली सोयीची चूक आहे. आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबरासारख्या झाडांची निगा राखणारा माणूस. तो उत्तरेकडे जाऊन बेथेलच्या राजमंदिरात उभा राहिला. त्याची पहिली तक्रार अशी की हे लोक नीतिमान माणसाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी, पायातल्या जोड्यासाठी, विकतात. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, कधी संपतो आणि माप लहान करून धान्य विकायला कधी मोकळे होतो, याची वाट पाहणारे व्यापारी त्याला दिसतात. त्यांच्या सणांचा आणि गाण्यांचा देवाला वीट आला आहे. त्याला हवा आहे न्याय, आणि तोही बारमाही ओढ्यासारखा वाहणारा.

यिर्मयाच्या ३४व्या अध्यायातला प्रसंग तर अंगावर येतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडल्यावर यरुशलेमच्या मोठ्या लोकांनी देवासमोर करार करून आपल्या इब्री दासदासींना मोकळे केले. मग मिसरचे (इजिप्तचे) सैन्य येत असल्याची बातमी आली आणि बाबेली सैन्य तात्पुरते मागे हटले. संकट टळले असे वाटताच त्यांनी त्याच माणसांना पुन्हा पकडून दास केले. परमेश्वराचे उत्तर असे: तुम्ही त्यांना मोकळे केले नाही, म्हणून मी तुम्हांला मोकळे करतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला. या अध्यायात मूर्तीचा उल्लेखही नाही.

स्वतः निवडलेल्या लोकांनाच देवाने इतके कठोर का वागवले?

निवडले म्हणूनच. आमोस ३:२मध्ये हा युक्तिवाद एका वाक्यात आहे: पृथ्वीवरच्या सर्व कुळांपैकी मी तुम्हांलाच ओळखले, म्हणून तुमच्या अधर्माचा जाब तुम्हांला विचारीन. ऐकणाऱ्यांची अपेक्षा नेमकी उलटी होती. आमोसाने दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असे शेजारी एकेक करून घेतले, तोपर्यंत श्रोते माना डोलावत असतील. मग वर्तुळ आवळत आवळत यहूदावर आले आणि शेवटी थेट त्यांच्यावरच.

शिक्षा देणारा देव इथे दगड नाही, हेही विसरू नका. होशेय ११मध्ये तो लेकराला चालायला शिकवणाऱ्या बापासारखा बोलतो आणि वाक्य अर्ध्यात मोडते: एफ्राईमा, मी तुला कसा सोडून देऊ?

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा का? सांगितलेले अटळ असते का?

आपल्याकडे ‘भविष्य’ म्हटले की पत्रिका आठवते. ग्रहांनी ठरवलेले, माणसाच्या हातात नसलेले. संदेष्ट्याचे भाकीत तसे नाही. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो (अध्याय १८). चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. तिथे मिळालेले वचन स्पष्ट आहे: ज्या राष्ट्राला उपटून टाकीन असे मी म्हटले ते वळले, तर मीही योजलेले अरिष्ट टाळीन. ज्याला लावीन असे म्हटले ते बिघडले, तर तिथेही निर्णय बदलेल. म्हणजे न्यायाचे भाकीत हा इशारा आहे, आणि इशारा ऐकला जावा म्हणूनच दिलेला असतो.

याचे उत्तम उदाहरण त्याच पुस्तकात एका खटल्याच्या वेळी येते. मंदिराच्या अंगणात उभे राहून यिर्मयाने सांगितले होते की हे मंदिर शिलोसारखे, पूर्वी उद्ध्वस्त झालेल्या त्या पवित्रस्थानासारखे, उजाड होईल. त्याला मृत्युदंड द्यावा अशी मागणी झाली. तेव्हा काही वडील उठले आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा दाखला दिला: संदेष्टा मीखाही म्हणाला होता की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. तेव्हाच्या हिज्कीया राजाने त्याला मारले का? नाही, त्याने परमेश्वराचे भय धरले आणि अरिष्ट टळले (२६:१८-१९). मीखाचे भाकीत त्या पिढीत ‘खरे’ ठरले नाही. पण कोणी त्याला खोटा संदेष्टा म्हटले नाही, उलट त्याच्या शब्दांनी यिर्मयाचा जीव वाचवला.

मग खोटे संदेष्टे कोण होते? तेही परमेश्वराच्याच नावाने बोलत होते.

हो, आणि त्यातच त्यांचा धोका होता. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलची सत्ता मान्य करा, म्हणजे जगाल, हा त्याचा अर्थ. गिबोनाचा हनन्या मंदिरात सर्वांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की परमेश्वराने बाबेलचे जू मोडले आहे, दोन वर्षांत मंदिराची पात्रे आणि बंदिवान परत येतील. यिर्मयाचा पहिला शब्द होता, “आमेन! परमेश्वर असेच करो.” इथे मी नेहमी थबकतो. आपल्या लोकांचा नाश व्हावा असे त्याला मुळीच वाटत नव्हते. हनन्याचे खरे ठरले असते तर सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला असता.

हनन्याने ते जू मोडले आणि यिर्मया गुपचूप आपल्या वाटेने गेला. नंतर वचन आले: लाकडी जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडी येईल. दोन महिन्यांत हनन्या मेला.

हनन्याचा दोष आशा देण्यात नव्हता. आशा तर यिर्मयानेही भरभरून दिली. पण हनन्याच्या आशेत जखम उघडून पाहणे नव्हते. शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणत त्यांनी माझ्या लोकांची जखम वरवर बरी केली, हे यिर्मयाचे शब्द (६:१४) त्याला चपखल बसतात.

इतिहासात प्रत्यक्ष काय घडले?

थोडक्यात असे. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरने (असीरियाने) शोमरोन घेतले. सर्गोन राजाच्या शिलालेखात २७,२९० लोक धरून नेल्याचा दावा आहे. इ.स.पू. ६०५मध्ये कर्कमीशच्या लढाईनंतर बाबेलचे पारडे जड झाले. ५९७मध्ये यरुशलेम शरण आले आणि तरुण राजा यहोयाखीन, कारागीर आणि सरदार बाबेलला नेले गेले. यहेज्केल त्यांच्यातच होता. सिद्कीयाने बंड केल्यावर पुन्हा वेढा पडला आणि ५८७ किंवा ५८६मध्ये (इतिहासकारांत एका वर्षाचा फरक आहे) शहर आणि मंदिर जाळले गेले.

धरून नेलेल्यांचे आकडे आपल्या कल्पनेपेक्षा लहान आहेत. यिर्मया ५२मध्ये तीन खेपा दिल्या आहेत, ३,०२३, ८३२ आणि ७४५, मिळून ४,६००. २ राजे २४मध्ये पहिल्याच खेपेचा आकडा दहा हजार आहे. बहुधा मोजण्याची पद्धत वेगळी असावी. काही झाले तरी देशात गरीब लोक उरले होतेच.

मातीतून निघालेले दोन पुरावे मला फार जवळचे वाटतात. यिर्मया ३४:७ म्हणते की यहूदाच्या तटबंदी नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. १९३५ साली लाखीशच्या उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांतल्या एकात एक जण कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका आम्हांला दिसत नाही. दुसरा पुरावा यरुशलेमचा. १९८२ साली जळलेल्या एका घरात मातीच्या पन्नासेक मोहोरा मिळाल्या. ज्या कागदपत्रांवर त्या लावल्या होत्या ती आगीत गेली, पण त्याच आगीत भाजून मोहोरा पक्क्या झाल्या. एकीवर ‘शाफानाचा पुत्र गमऱ्या’ असे नाव आहे, आणि यिर्मया ३६मध्ये याच नावाच्या माणसाच्या खोलीत यिर्मयाचा लेखनिक बारूख याने यिर्मयाची गुंडाळी वाचून दाखवली होती.

यिर्मयाने सांगितलेली बंदिवासाची सत्तर वर्षे कुठून कुठपर्यंत मोजायची?

दोन हिशेब प्रचलित आहेत. बाबेलची सत्ता सुरू झाली तिथपासून, म्हणजे ६०५च्या आसपासून, पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने ५३९मध्ये बाबेल घेतले आणि परतण्याची मुभा दिली तिथपर्यंत मोजले तर सत्तरच्या जवळ जाते. मंदिर जळाल्यापासून ते पुन्हा बांधून झाले तोपर्यंत, ५८६ ते ५१६, मोजले तर नेमके सत्तर भरतात. २ इतिहास ३६ आणखी एक अर्थ लावते: जमिनीला न मिळालेली शब्बाथांची विश्रांती तिने भरून घेतली.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना हा आकडा गणितासारखा वाटला नसेल. सत्तर वर्षे म्हणजे एक आयुष्य. ‘तुमच्यापैकी बहुतेक जण परतणार नाहीत, तुमची नातवंडे परततील’ असेच त्यांनी ऐकले असणार.

मग यिर्मया २९:११ आपण स्वतःसाठी घेऊ नये का?

हे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. जरूर घ्या, पण आधीच्या दहाव्या वचनासकट. ते एका पत्रातले वाक्य आहे, आणि पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, सत्तर वर्षे लागतील. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. ज्या शहराच्या राजाने तुम्हांला घरातून उचलून आणले त्याच शहरासाठी!

लोकांनी ते केलेही. बाबेल परिसरातल्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदानगर’ अशा अर्थाच्या नावाची एक वस्ती आढळते. तिथले यहूदी शेती कसत होते, कर भरत होते, कर्जाचे आणि खंडाचे व्यवहार करत होते.

तुरुंगात असताना यिर्मयाने शेत का विकत घेतले?

माझ्या मते सगळ्या बायबलमधला हा सर्वांत धीट जमीनव्यवहार आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सिद्कीयाचे दहावे वर्ष. शहराला वेढा पडला आहे आणि तटाला मातीचे मोर्चे भिडले आहेत. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. शहर पडणार असे सांगितल्याबद्दल राजानेच त्याला डांबले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे, सोडवून घेण्याचा पहिला हक्क तुझा आहे.

आता हा सौदा पाहा. अनाथोथ यरुशलेमपासून काही किलोमीटरवर, म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. तिथे पाय ठेवणेही शक्य नाही. बाबेलची सत्ता येणार हे यिर्मया स्वतः वर्षानुवर्षे ओरडून सांगतो आहे, म्हणजे जमिनीची किंमत शून्य आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. शिवाय अनाथोथ हे त्याचेच गाव, आणि त्याच गावच्या माणसांनी पूर्वी त्याला ठार मारण्याचा कट केला होता (११:२१). भाऊबंदकीत जमिनीवरून काय काय होते हे आपल्याला माहीत आहे. इथे वेढ्यातल्या शहरात भाऊबंद येऊन बुडणारी जमीन गळ्यात मारतो आहे.

यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दोनशे ग्रॅम चांदी. खरेदीखत लिहितो, मोहोर करतो, साक्षीदार घेतो. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. चौकात बसलेल्या सर्वांसमोर ती दोन्ही कागदपत्रे बारूखाकडे देतो आणि सांगतो: मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

आणि मग, कागद झाल्यावर, यिर्मया गोंधळतो. हे मला फार खरे वाटते. तो लांबलचक प्रार्थना करतो आणि शेवटी जवळजवळ कुरकुरतो: शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती गेल्यातच जमा आहे आणि तू मला म्हणतोस शेत घे? उत्तर येते ते प्रश्नाच्या रूपात: मला काही अवघड आहे काय? पण त्याच उत्तरात शहर जळणार हेही पुन्हा सांगितले आहे, एक शब्दही मवाळ न करता. न्याय रद्द होत नाही. खरेदीखतही रद्द होत नाही.

यिर्मयाला त्या शेतात कधी नांगर घालता आल्याचे पुस्तकात कुठेही नाही.

यहेज्केल ३७मधली हाडे म्हणजे मृतांचे पुनरुत्थान की राष्ट्राचे?

अध्यायातच उत्तर आहे: ही हाडे म्हणजे इस्राएलाचे सर्व घराणे. ‘आमची हाडे सुकली, आमची आशा गेली’ असे बंदिवान म्हणत होते आणि देवाने त्यांच्याच तोंडचा वाक्प्रचार घेऊन दृष्टांत दाखवला. पुढे दोन काठ्या एक होतात, यहूदाची आणि योसेफाची, म्हणजे दुभंगलेली राज्ये. पुढच्या पिढ्यांनी, यहूदी आणि ख्रिस्ती दोघांनीही, यात मेलेल्यांच्या उठण्याची आशा वाचली, आणि ती वाचण्यात गैर काही नाही. वल्हांडणाच्या आठवड्यातल्या शब्बाथाला सभास्थानात हाच भाग वाचतात.

आदल्या अध्यायाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तिथे देव म्हणतो की हे मी तुमच्यासाठी करत नाही, माझ्या पवित्र नामासाठी करतो. दगडाचे हृदय काढून मांसाचे देईन हे वचनही तिथलेच. पुनर्स्थापना हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, आणि ती केवळ जमिनीपुरतीही नाही.

यिर्मया ३१मधला ‘नवा करार’ कोणाशी केलेला आहे?

वचनात स्पष्ट आहे: इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. नियमशास्त्र दगडी पाट्यांऐवजी अंतःकरणावर लिहिले जाईल आणि पापांची आठवण राहणार नाही. यहूदी वाचक यात तोरेशी, म्हणजे नियमशास्त्राशी, असलेले नातेच आतून नवे झालेले पाहतात. आम्ही ख्रिस्ती प्रभुभोजनाच्या वेळी प्याला हातात घेतो तेव्हा याच शब्दांचा आधार घेतो, आणि इब्री लोकांस पत्र हा उतारा जवळजवळ पूर्ण उद्धृत करते. विदेशी, म्हणजे यहूदी नसलेले, लोक या करारात आले ते कृपेने, घरात शिरलेल्या पाहुण्यासारखे. मूळ पत्ता खोडून स्वतःचे नाव लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

लोक परत आले. मग भाकीत तिथेच पूर्ण झाले ना?

झाले आणि नाहीही. एज्राच्या यादीत ४२,३६० जणांची मंडळी आणि वर ७,३३७ दासदासी परतल्याची नोंद आहे. परतलेल्यांचा पुढारी जरूब्बाबेल याच्या काळात मंदिराचा पाया घातला गेला, तेव्हा तरुण आनंदाने ओरडले आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले. आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे ओळखू येईना. पुनर्स्थापना प्रत्यक्षात कशी असते याचे यापेक्षा प्रामाणिक वर्णन मी वाचलेले नाही. दाविदाच्या वंशाचा राजा सिंहासनावर आला नाही, आणि नहेम्या ९मध्ये परतलेले लोकच म्हणतात: आज आम्ही आमच्याच देशात दास आहोत.

म्हणून आशा पुढे सरकत राहिली. जखऱ्या ८मधले चित्र मला सगळ्यांत आवडते. यरुशलेमच्या चौकांत म्हातारेकोतारे हातात काठी घेऊन बसलेले आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले. विजयी सेना नाही की राजवाडा नाही. युद्ध आणि दुष्काळ ज्यांना आधी गिळतात ते दोघे, म्हातारे आणि मुले, तिथे निर्धास्त आहेत.

दहा हरवलेले वंश आणि कोकणातले बेने इस्राएल यांचा संबंध आहे का?

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहूदी. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ झाले. काहींनी त्यांचा संबंध उत्तरेकडच्या दहा वंशांशी जोडला आहे, पण तो सिद्ध झालेला नाही आणि भाकितांचा अर्थ त्यावर टांगू नये.

खरा दुवा वेगळाच आहे आणि तो जास्त हृदयस्पर्शी आहे. जगभरचे यहूदी मंदिराच्या नाशाबद्दल अव महिन्याच्या नवमीला उपवास करतात, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. कोकणात तो दिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई, कारण उपवास वालाच्या बिरड्याने सुटायचा. यरुशलेमच्या राखेची आठवण रायगडच्या वालाच्या शेंगेत जपली गेली. १९४८नंतर बेने इस्राएलांतले बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहूदीपणाबद्दलच शंका घेतल्यावर त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४मध्ये त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहूदी मानण्याचे जाहीर झाले. परतणाऱ्यांचे रडणे आणि हसणे इथेही मिसळलेलेच आहे.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले, ती भविष्यवाणीची पूर्तता आहे का?

यावर विश्वासणाऱ्यांतच मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरलेला, आणि १९०९च्या स्कोफील्ड टीपा असलेल्या बायबलमुळे घरोघरी पोहोचलेला विचार म्हणतो: हो, ही शेवटच्या काळाची खूण आहे. दुसऱ्या प्रवाहाचे म्हणणे असे की सर्व अभिवचने ख्रिस्तात पूर्ण होतात. यहूदी लोकांतही एकमत नाही. काहींना ही सुटकेची पहाट वाटते, तर काही अतिकर्मठ पंथ म्हणतात की मशीहाआधी राष्ट्र उभारणेच चूक.

माझे मत: शतकानुशतके छळ सोसलेले, लाखोंनी मारले गेलेले लोक टिकले आणि परत एकत्र आले, हे पाहून यिर्मया ३१ आठवू नये असे मी म्हणणार नाही. मलाही आठवते. पण कोणत्याही सरकारच्या धोरणावर संदेष्ट्यांची मोहोर मारायला माझा ठाम नकार आहे. संदेष्ट्यांनी स्वतःच्या राजांनाही ती मुभा दिली नव्हती. त्या भूमीत पॅलेस्टिनी लोकही राहतात, त्यांत आपल्याहून कितीतरी जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. यहेज्केल ४७:२२-२३ वाचा: पुनर्स्थापनेत जमिनीची वाटणी होताना तुमच्यामध्ये राहणाऱ्या, मुलेबाळे झालेल्या परक्यांनाही इस्राएल लोकांबरोबर वतन द्या, अशी आज्ञा आहे. ही वचने वगळून केलेला भविष्यवाणीचा तक्ता मी मानत नाही.

मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती चर्चने, इस्राएलाची जागा घेतली आहे का?

रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल हाच प्रश्न घेतो आणि ‘कदापि नाही’ म्हणतो. विदेशी विश्वासणारे रानटी जैतुनाच्या फांद्या, कलम करून लावलेल्या. फांदीने मुळाला तोरा दाखवू नये. मंडळीने हे शतकानुशतके ऐकले नाही. न्यायाची वचने यहूद्यांना आणि आशीर्वादाची स्वतःला, अशी वाटणी तिने केली, आणि त्या वाटणीतून युरोपात यहूद्यांचा भयंकर छळ झाला. रोमन कॅथलिक मंडळीने १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत या शिकवणीला अधिकृतपणे वळण दिले. आपल्या मंडळ्यांतही उपदेश करताना ‘यहूदी म्हणजे नाकारलेले’ असे सहज बोलले जाते. ते थांबले पाहिजे.

यिर्मयाने पुनर्स्थापना पाहिली का?

नाही. शहर पडल्यावर बाबेली अधिकाऱ्याने त्याला बाबेलात सुखाने राहण्याची संधी दिली होती. त्याने देशात उरलेल्या गरिबांबरोबर राहणे पसंत केले. मग सुभेदार गदल्याचा खून झाला, उरलेले लोक घाबरून मिसरला पळाले आणि यिर्मयालाही बारूखासह घेऊन गेले. नको म्हणत असताना. तिथे त्याने दिलेल्या संदेशांनंतर त्याचे काय झाले हे पुस्तक सांगत नाही.

पुस्तकाचा शेवट मात्र त्याच्यावर होत नाही, बाबेलच्या तुरुंगावर होतो. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी राजा अवील-मरोदख यहोयाखीनाला बाहेर काढतो, त्याच्याशी प्रेमाने बोलतो, त्याचे तुरुंगातले कपडे बदलले जातात आणि मरेपर्यंत त्याला राजाच्या पंक्तीला जेवण आणि रोजचा शिधा मिळतो. बाबेलच्या उत्खननात शिध्याच्या नोंदींच्या पाट्या निघाल्या आहेत, याहून जुन्या, यरुशलेम घेणाऱ्या नबुखद्नेस्सर राजाच्या वेळच्या. त्यांत ‘यहूदाचा राजा यहोयाखीन’ आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाचे माप लिहिलेले आहे.